हळदीकुंकू राहिलं बाजूला!

अहो, ऐकलंत का? नाही ना? वाटलंच मला. काल सातारकरांकडच्या हळदीकुंकवाला तुम्ही आला नाहीत, तेव्हाच म्हटलं, ह्यांचं फार मोठं काहीतरी हुकलं. वाण नेहमीचंच हो, प्लॅस्टिकचे डबे. तुमचा डबा आणलाय मी, हा घ्या. झाकण घट्ट बसत नाही, आधीच सांगते. पण तिथे जे काही झालं ना... थांबा, जरा इकडे कुंपणाला लागून या. मागे त्यांच्या किचनची खिडकी उघडी आहे.

तर सातारकरांची सून. औषधाच्या कंपनीत आहे बघा, लॅबमध्ये. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा आता संपत आली. २०१७ पासून तेवढी मिळते म्हणे, त्याआधी १२ होते. बारा आठवड्यांत पोर मान तरी धरतं का हो नीट? असो. रजा संपत आली आणि त्यांच्या घरात रोज रात्री एकच विषय, बाळाला बघणार कोण? तिच्या नवऱ्याची तर शिफ्ट. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, मग नाईट. नाईट करून आलेल्या माणसाच्या मांडीवर बाळ दिलं, तर दोघांतलं आधी झोपणार कोण, तुम्हीच सांगा.

आणि सगळ्यांनी धरूनच चाललेलं, की सासूबाई राहतील. मीही तेच समजत होते. तर काल नाशिकच्या वहिनी अत्तर लावून घेता घेता सहज म्हणाल्या, ‘आजी आहेत ना घरात, मग चिंता कसली?’ सासूबाई कुंकू लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘आजी रथसप्तमीपर्यंत आहे. गावी शाळू काढणीला आलाय.’ बस्स, एवढंच! पुढच्या बाईला हळद लावायला वळल्या. सुनेचा चेहरा असा उतरला म्हणून सांगू... हातात तिळगुळाची वाटी तशीच. मला विचाराल तर सासूबाईंचं काही चुकलं नाही. त्यांनी त्यांची तीन वाढवली, नणंदेचं एक वाढवलं, आता गुडघे बोलतात. पण हे घरात आधी सांगावं ना हो, चारचौघींत, तेही अत्तर लावताना?

मग सूनच बोलायला लागली. तिनं कंपनीत विचारलं होतं म्हणे, पाळणाघराचं काय. रजा वाढवली त्याच २०१७ च्या कायद्यात आलं ते. जिथे ५० किंवा जास्त माणसं कामाला, तिथे पाळणाघराची सोय पाहिजे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आलं पाहिजे. तर तो एचआरवाला काय म्हणाला असेल? ‘मॅडम, आपल्याकडे लेडीज सातच आहेत.’ अहो, कायद्यात ५० माणसं म्हटलंय, ५० बायका नाही! बाप काय माणसात धरत नाहीत का? पण तिनं हे तिथे नाही बोललं, हळदीकुंकवाला बोलली. असंच असतं आपलं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात मात्र बायकाच मोजायचे, ३० च्या वर बायका असल्या की पाळणाघर सक्तीचं. मग जुन्या बायका सांगतात, काही ठिकाणी मोजणी बरोब्बर तिसावर येऊन थांबायची. मी कोणाचं नाव घेत नाही. आपल्या सिल्वासाजवळच्या सामरवरणीत राहून कंपन्यांची नावं घ्यायची नसतात, प्रत्येकाच्या घरचं कोणीतरी कुठेतरी लागलेलं आहे.

तर काय सांगत होते... हां. बाळावरून विषय गेला शाळेवर. जातोच तो. सहा महिन्यांचं पोर अजून पालथंही पडेना, आणि इकडे त्याचं बोर्ड ठरतंय! नवसारीच्या बेन, त्या वरच्या मजल्यावरच्या हो, म्हणाल्या, ‘इंग्लिश मीडियमच घाला, नाहीतर मागे राहतो पोरगा.’ हे ऐकून जळगावच्या काकू सरसावून बसल्या. त्या बालवाडीच्या बाई होत्या, रिटायर झाल्या तरी छडी सुटलेली नाही. म्हणाल्या, २०२० च्या धोरणातसुद्धा म्हटलंय, जमेल तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा. बेन म्हणाल्या, ‘पण इथे तुमची मराठी चालते कुठे?’ झालं! काकूंनी थेट १९५४ काढलं. २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं तेव्हा गायक सुधीर फडके होते ते सोडवणाऱ्या लोकांत, गाणी म्हणायला नव्हते आले, लढायला आले होते! बेन म्हणाल्या, ‘तो क्या हुआ, गुजराती लोग भी थे.’ त्याही खोट्या नाहीत. सरबत फिरवलं मध्येच कोणीतरी, म्हणून निभावलं.

पण मला खरं हसू कशाचं आलं सांगू? काकूंचा स्वतःचा नातू इंग्रजी शाळेत जातो, पिवळ्या व्हॅनमधून. आपल्या सगळ्यांचीच जातात. आणि मराठी सरकारी शाळा कुठे आहेत, तर तिकडे खानवेलच्या बाजूला, पाड्यांवर. म्हणजे घरात मराठी बोलणाऱ्यांची पोरं इंग्रजीत आणि ज्यांच्या घरात वारली, कोकणा बोलतात ती मराठी शाळेत. आता घरची भाषा कोणाची आणि शाळा कोणाची? काकूंना हे विचारायची माझी हिंमत नाही झाली. तुम्ही विचारा कधीतरी, मी शेजारी उभी राहीन.

तिकडे महाराष्ट्रात बघा ना, २०२५ मध्ये एप्रिलच्या १६ तारखेला पहिलीपासून हिंदीचा जीआर काढला, जूनच्या १७ ला शब्द फिरवले, आणि २९ जूनला दोन्ही मागे! किती ते रामायण. आपल्याकडे या, म्हणावं. आमच्या खालचं पोर व्हॅनवाल्याशी हिंदी, बेनशी गुजराती, आजीशी मराठी बोलतं आणि ‘वॉटर बॉटल’ विसरलो म्हणून रडतं इंग्रजीत. कुठलाही जीआर न वाचता.

शाळेत घालायच्या वयाचंही तसंच. नाशिकच्या वहिनींचं दुखणं तेच. त्यांचा धाकटा ऑगस्टचा. त्यांना त्याला वापीच्या शाळेत पहिलीत घालायचं होतं, त्यांचे मिस्टर तिकडेच कामाला जातात ना, जाता येता सोडता येईल म्हणून. तर तिथे सांगितलं, १ जूनला सहा पूर्ण पाहिजेत. गुजरातमध्ये २०२३-२४ पासून तसंच आहे, लोक कोर्टातसुद्धा गेले होते, काही उपयोग झाला नाही. आणि त्यांच्या जाऊबाईंचा मुलगा, तोही त्याच महिन्यातला, बोईसरला बिनधास्त पहिलीत बसला! कारण महाराष्ट्रात ३१ डिसेंबर धरतात. म्हणजे दोघे चुलतभाऊ एकाच वयाचे, एक पहिलीत आणि एक अजून सिनिअर केजीत ‘बा बा ब्लॅक शीप’. दिवाळीत दोघं भेटले तेव्हा बोईसरच्यानं विचारलं म्हणे, ‘तू नापास झालास का?’ वहिनी हे सांगताना हसत होत्या, पण डोळ्यांत... जाऊ दे. मी म्हटलं त्यांना, एक वर्ष जास्त खेळला तर बिघडलं कुठे? तर म्हणतात, ‘खेळायला नाही हो, फी भरायला एक वर्ष जास्त.’ ह्याच्यावर काय बोलणार?

आणि आता खरी गोष्ट. हे सगळं चाललेलं असताना बेल वाजली. त्या मावशी हो, कामाला बायका लावून देतात त्या, ज्यांच्याशिवाय आपल्या कॉलनीत झाडूसुद्धा हलत नाही. सातारकर वहिनींनी, म्हणजे सासूबाईंनीच, त्यांना सांगून ठेवलं होतं, बाळ सांभाळायला कोणीतरी बघा. त्या घेऊन आल्या एका मुलीला. खानवेलकडची, पाड्यावरची. फ्रॉक नवा, पायात चपला मोठ्या. दारातच उभी राहिली. नेमकं तेव्हाच बाळ रडायला लागलं. सून उठेपर्यंत त्या पोरीनं त्याला उचललं, कडेवर घेतलं, आणि बाळ गप्प! अशी सराईत, की बघत राहावं. बेन म्हणाल्या, ‘बघा, केटली माया!’ नाशिकच्या वहिनी म्हणाल्या, ‘प्रश्नच मिटला.’ सातारकर वहिनींनी मावशींना खूण केली, पैशाचं आत बोलू.

आणि जळगावच्या काकूंनी विचारलं, ‘कितवीत आहेस गं?’

पोरगी म्हणाली, ‘सहावीत होते.’

काकूंनी विचारलं, होते म्हणजे? ती काही बोलली नाही. बाळाला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मग मावशीच मध्ये पडल्या, ‘चौदा पूर्ण आहेत हो तिला, चौदा पूर्ण.’ कोणी विचारलंच नव्हतं वय! काकू म्हणाल्या, आधार कार्ड? तर म्हणे गावी आहे. काकू म्हणाल्या, ‘घरकामाला चौदाच्या आतलं पोर ठेवायला २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ पासून तर कुठल्याच कामाला नाही.’ अहो, काय सांगू तुम्हाला! एवढ्या बायका, आणि पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. आत्ता दहा मिनिटांपूर्वी सहा महिन्यांच्या पोराचं बोर्ड ठरवत होतो आम्ही सगळ्या. सातारकर वहिनींच्या हातात वाणाचा डबा होता, तो त्यांनी मावशींना द्यायला पुढे केला, मागे घेतला, परत पुढे केला. सून लाल झाली. आणि सगळ्यात जास्त कोणाचा चेहरा पडला असेल? बेनचा! मला आधी कळेचना, ह्यांना काय झालं. मग आठवलं. त्यांच्याकडे ती कपडे वाळत घालायला येते ना गच्चीत, दोन वेण्यांची... तुम्हीही बघितलीय. मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका.

मग काकू सुरू झाल्या, पण ओरडल्या नाहीत हां, ह्या वेळी अगदी हळू. तरुणपणी ट्रेनिंगला त्या कोसबाडला गेल्या होत्या. आपलं डहाणूकडचं कोसबाड हो, काही लांब नाही. ताराबाई मोडकांचं आणि अनुताई वाघांचं. ताराबाई म्हणजे काय बाई होती! वकील नवऱ्याशी पटलं नाही, तर मुलीला घेऊन सरळ राजकोटला, कॉलेजच्या प्राचार्य म्हणून. त्या काळात, विचार करा. आणि मग तीही मानाची नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे, लहान मुलांची शाळा शिकायला. हे नाव ऐकलं आणि बेन एकदम जाग्या झाल्या, ‘गिजुभाई? ए तो अमारा! मूछाळी मा!’ मिशीवाली आई म्हणायचे त्यांना गुजरातेत, मुलांवर इतका जीव. दहा मिनिटांपूर्वी मीडियमवरून भांडणाऱ्या ह्या दोघी, आता एकीचा गिजुभाई आणि एकीच्या ताराबाई, एकमेकींच्या वाक्यात मान डोलावतायत. आणि अनुताई? तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत नवरा गेला. तिथून ती बाई शिकली, आणि १९४५ मध्ये ताराबाईंबरोबर बोर्डीला येऊन उभी राहिली.

तर काकू सांगत होत्या, बोर्डीला यांनी बालवाडी काढली, पण वस्तीवरची मुलं येईनात. मग त्या दोघीच वस्तीवर गेल्या. कोणाचं तरी अंगण झाडायचं, पोरं गोळा करायची, तिथेच शाळा. ती अंगणवाडी! सरकारनं १९७५ साली हेच नाव उचललं. गुरं राखणारी पोरं येत नाहीत, तर कुरणात शाळा. १९५७ ला कोसबाडला गेल्या, वारल्यांच्या मुलांसाठी. आणि तिथे काय लक्षात आलं, की मोठ्या मुली शाळेत येतच नाहीत. का? तर कडेवर धाकटं असतं. आई शेतावर, मजुरीला, मग दहा-बारा वर्षांच्या मुलीनं पोर सांभाळायचं. मग त्यांनी काय केलं? पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली. विकासवाडी म्हणायचे त्याला. धाकट्याला पाळण्यात टाकायचं, मधल्याला बालवाडीत, आणि ताईनं वर्गात बसायचं. म्हणजे ताईलाही शिक्षण आणि आईचंही काम सुटत नाही. काकू म्हणाल्या, ‘आपण गेला तासभर मीडियम मीडियम करतोय. त्या बायकांनी आधी पाळणा टांगला.’

ती पोरगी दारात ऐकत होती हो सगळं. बाळ झोपलं होतं तिच्या खांद्यावर. मलाच कसंतरी झालं. सासूबाई उठल्या, गुडघे धरत धरत, तिच्याकडून बाळ घेतलं, तिला हळदीकुंकू लावलं, आणि वाणाचा डबा तिच्या हातात दिला. त्यात तिळाच्या वड्या भरून! आम्हाला रिकामे डबे दिले होते, लक्षात ठेवा.

मावशी मात्र फणकारल्या. त्यांचं कमिशन गेलं ना. आता त्या पलीकडच्या बिल्डिंगमध्ये सांगत फिरतायत, ह्या मराठी बायका फार कायदा बोलतात म्हणून. त्यांची बाजूही आहे, त्या पोरीच्या घरी पैसे लागतातच, शाळेत बसून ते येत नाहीत. पण काकू काही कमी नाहीत. त्यांनी पोरीकडून तिच्या शाळेचं नाव काढून घेतलं, हळदीच्या बोटांनीच कॅलेंडरच्या मागे लिहिलं. म्हणतात, शिक्षण हक्काच्या कायद्यात मध्येच सोडलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात परत घेता येतं, मी स्वतः जाऊन हेडमास्तरांना भेटते. जातील हो त्या. त्यांना रिक्षाचं भाडं परवडतं आणि भांडायला आवडतं.

राहिला प्रश्न बाळाचा. त्याचं अजून तसंच आहे. सुनेची रजा फक्त थोडे दिवस उरलीय. कोणीतरी म्हणालं, आपल्या इथे अंगणवाडी आहेच की, बघून तरी या. तर जी ती दुसरीच्या तोंडाकडे बघायला लागली. आपल्या कॉलनीतलं पोर अंगणवाडीत? ज्या नावाचं एवढं कौतुक आत्ता ऐकलं, तिथे पाय ठेवायला मात्र लाज! आणि खरं तर तिथले वर्ग तीन वर्षांच्या पुढच्यांसाठी, तिथे सहा महिन्यांचं बाळ दिवसभर ठेवणार कसं? पाळणाघर ते पाळणाघर.

म्हणून सूनच म्हणाली, आणि ती इतकं ठामपणे बोलली की सासूबाईंनीसुद्धा वर बघितलं. म्हणाली, खालचा तो मोकळा हॉल, जिथे गणपतीचं सामान पडलंय, तिथे पाळणाघर करू. दोन मोठ्या वयाच्या बायका पगारावर ठेवू, ज्या घरी बसून आहेत. नाशिकच्या वहिनी म्हणाल्या, मी सकाळची शिफ्ट बघते. बेन म्हणाल्या, गाद्या मी देते. त्या तर द्यायलाच पाहिजेत, नाही का! सेक्रेटरींना सांगितलं तर ते म्हणे, ‘कमर्शियल युज होतो, परवानगी लागेल, मीटिंग घ्यावी लागेल.’ त्यांची मुलं मोठी झाली ना, म्हणून सुचतंय त्यांना.

तर मीटिंग रविवारी आहे, सकाळी अकराला, त्याच हॉलमध्ये. तुम्ही आणि तुमचे मिस्टर दोघंही या, आणि हात वर करा. मत घरामागे एकच धरतात, पण दोन हात दिसले की सेक्रेटरी घाबरतात. आणि हो, बेनच्या त्या मुलीचं मी काही सांगितलं नाही हं तुम्हाला.